हात हलले तरच

डब्लिनहून लेकीनं पाठवलेलं घड्याळ
वेल्टानं मनगटावर बांधलं, पट्ट्याला एक जादा भोक पाडून.
जन्मभर ट्राममध्ये तिकिटं तपासलेली बाई,
मोजणाऱ्यांवर तिचा विश्वास होता.

रोज दुपारी इमांत्सची चाकांची खुर्ची ढकलत
दाउगावाच्या काठानं पुलापर्यंत, पुलावरून बाजारात.
धुरी दिलेले मासे, काळा पाव, पिशवी त्याच्या मांडीवर,
आणि दगडी रस्ता लागला की त्याचं तेच :
सावकाश गं, मी काय बटाट्यांचं पोतं आहे?

रात्री घड्याळ म्हणायचं, चारशे बारा पावलं.
उद्या थोडं जास्त चालून बघा.

लेक फोनवर समजवायची,
आई, हात हलले तरच ते धरतं.
म्हणजे मी रोज विनातिकीटच की, वेल्टा म्हणायची.

मार्चमध्ये नदीवरचा बर्फ फुटला,
त्यानंतरच्या आठवड्यात ती एकटीच बाजारात जाऊन आली.
एका हातात अर्धाच पाव. दुसरा नुसता झुलत.
जिन्यातच मनगट थरथरलं,
काचेवर इवले इवले फटाके :
दहा हजार! शाब्बास!

दारामागे खुर्ची, घडी घालून.

दुसऱ्या दिवशी निघताना तिनं
डावा हात कोटाच्या खिशात घातला
आणि पुलापर्यंत बाहेर काढला नाही.