चाकं टेकल्यावर

चियातुरात आंझोरच्या गॅरेजात खड्डा आहे, लिफ्ट नाही.
खड्ड्यावर बाबांची गाडी: लाडा, स्टेशन वॅगन,
माझ्याहून दोन वर्षांनी लहान,
मागून डावीकडे कललेली,
लग्नात जास्त झालेल्या पाहुण्यासारखी.

साठच्या पुढे गेली की मागून घुमायची.
बाबा म्हणायचे, गातेय, गाऊ दे,
आणि रेडिओ मोठा करायचे.
आंझोर म्हणाला, गात नव्हती. तेल मागत होती.

त्यानं खालचं बूच सोडलं.
जे आलं त्याला तेल म्हणायचं तर म्हणा:
रंग काकवीचा, वास गंधकाचा,
आणि बुचाच्या चुंबकावर लोखंडाची लव,
मांजराच्या कानावर असते तेवढी मऊ.
मी बोट लावलं.
"तेवढं झिजतंच," तो म्हणाला,
"तीस वर्षं दाताला दात लागतोय."

एक्सलच्या पाठीवर एक टोपी असते, अंगठ्याच्या नखाएवढी.
तिच्यातून एक्सल श्वास घेतो, हे मला ठाऊक नव्हतं.
आमच्या गावच्या मँगनीजच्या धुळीनं ती बुजली होती.
आतली तापलेली हवा जाणार कुठे?
तिनं सील ढकललं, तेल डाव्या ड्रममध्ये उतरलं,
ब्रेकच्या पट्ट्या तुपात घोळल्यासारख्या.
"म्हणजे अख्खा हिवाळा तुझा बाप
मागच्या एकाच ब्रेकवर घाट उतरत होता."

मी काही बोलले नाही.
त्या हिवाळ्यात मी त्यांच्याशी दोनदा भांडले होते.
दोन्ही वेळा उतारावर.

स्प्रिंगा काढून त्यानं बाकावर शेजारी शेजारी उभ्या केल्या.
डावी उजवीपेक्षा दीड बोट बुटकी.
आणि मला वाटलं, कळलं मला:
आई गेल्यावर सात वर्षं एक माणूस
डावीकडे बसून, स्टिअरिंग धरून,
उजवीकडची जागा रिकामी.
माणसं विसरली, पोलादानं नोंद ठेवली.
हे मी मोठ्यानं बोलूनही दाखवलं.

आंझोरनं मनगटानं कपाळ पुसलं, ते आणखी काळं झालं.
"गॅसची टाकी, पोरी. डिकीत, डावीकडे. सत्तर किलो.
मी सांगितलं होतं मधोमध बसव.
म्हणाला, मग द्राक्षांच्या पाट्या कुठे ठेवू?"

पाच दांडे, दहा बुश.
जुनं रबर शिळ्या भाकरीसारखं तुटत आलं.
नवे त्याच्या भाच्यानं, रेझोनं, साबणाचं पाणी लावून
शेगड्यात दाबून बसवले, प्रत्येकाला एक शिवी.
जुना शॉकअप दाबला तर दबूनच राहिला,
वर यायचं असतं हे विसरलेला.

शेवटी दांडे परत जागेवर गेले.
मी पाना उचलला. आवळू?

"थांब. गाडी अजून हवेत आहे.
आत्ता आवळलंस तर रबर या कोनात धरून बसेल,
खाली टेकली की पिळून फाटेल.
आधी भार येऊ दे. मग आवळायचं."

जॅक उतरला. फळ्यांवर चाकं टेकली.
टाकी होतीच. पाट्या नव्हत्या, हंगाम संपलेला.
म्हणून मागच्या सीटवर त्यानं मला बसवलं
आणि शेजारच्या बेकरीतल्या त्सियालाला,
जी नको नको म्हणत चढली,
दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाचे.

खालून आवाज आला: हलू नका.
मग पान्याची कटकट, एकेक बुश, सावकाश.

त्सियाला म्हणाली, तुझे बाबा रोज दोन पाव न्यायचे.
दोन?
दोन. एकट्या माणसाला दोन कशाला, असं मी कधी विचारलं नाही.
मग एकदा दिसलं,
कोपऱ्यावर गाडी थांबवून एक तिथंच संपवत होते,
गरम, नुसता, दोन्ही हातांनी,
रेडिओ लावून.

खालून आंझोर ओरडला,
हलू नका म्हटलं ना.