बिलटी

ग्रिम्सबीत नोव्हेंबरात साडेचारलाच दिवस मिटतो.
बर्फघराच्या वर माझी खोली.
खाली फरशीवर पाण्याचे पाइप चालू,
हॅडॉकचे काटे गटाराच्या जाळीत अडकलेले,
आणि वर मी, हीटरला पाय लावून,
त्रेचाळीस कोर्स ढगात धाडायच्या तयारीत.

ढग म्हणजे नक्की कुठं, ते कीथला विचारू नये.
"असेल कुठंतरी एखादी शेड," एवढंच म्हणतो.

कपाटातला जुना सर्व्हर शुक्रवारी बंद.
नव्या घरचे नियम कडक:
फाइलच्या नावात मोकळी जागा नको,
'अंतिम', 'अंतिम दोन', 'खरंच अंतिम' असली नावं तर नकोतच
– चार वर्षं मी दुसरं केलं काय? –
व्हिडिओ हलके, अक्षरं मोठी,
पास म्हणजे ऐंशी टक्के,
एकोणऐंशीला दयामाया नाही.

पहिलं पाकीट: 'चाकू कसा धरावा'.
इंग्रजी, पोलिश, लिथुआनियन, रोमानियन.
इंग्रजीतला आवाज रॉन ब्लँचर्डचा.
अडतीस वर्षं मासे कापले त्यानं,
डाव्या हाताची दीड बोटं त्यातच गेली.
"अंगठा आत घे, पोरा,"
हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं.
चौदाव्या स्लाइडवर तो खोकतो.

नियम म्हणतो, पार्श्वभूमीचे आवाज काढा.
यंत्राचा आवाज आता फुकट मिळतो, न खोकणारा,
कीथनं नमुनाही पाठवला.
तो 'अंगठा' असा म्हणतो
जसा त्याला कधी नव्हताच.
रॉन फेब्रुवारीत गेला.
खोकला मी पार्श्वभूमीत धरला नाही.

झिप केलं. चढवलं.
निळी पट्टी सरकत टोकाला गेली आणि लाल:
मॅनिफेस्ट सापडलं नाही.
पुन्हा. पुन्हा लाल.
अरे आहे की! डोळ्यांनी बघतेय मी, आहे.

तेवढ्यात सांगलीहून फोन. तिकडे दहा वाजलेत.
"अजून हापिसात?"
माल पाठवतेय अण्णा, उतरूनच घेत नाहीत.
"वजन?"
दोनशे एमबी.
एकतीस वर्षं हळदीच्या गोण्या ट्रकात चढवून दिलेला माणूस,
एमबीला दचकत नाही.
"बिलटी कुठाय?"
आत आहे.
"आत म्हंजे?"
फोल्डरच्या आत. फोल्डर झिपच्या आत.
"अगं, बिलटी गोणीत शिवतात का कुणी?
माल आत, कागद तोंडाशी.
उतरवणारा काय गोणी उसवून बघणारे, कुणाची ते?"
मग जेवलीस का विचारलं, आणि रेंज गेली.

फोल्डर उघडलं.
आतलं तेवढं सगळं उचललं, फोल्डर सोडून.
कागद तोंडाशी.
हिरवी.

एक मात्र ढगात जात नाही:
कोण कुठवर आलं होतं.
जुन्या सर्व्हरवर अजून
योलिता, स्लाइड अकरा, अपूर्ण.
वासिले, स्लाइड तीन, अपूर्ण.
सहा वर्षांपूर्वीची तारीख.
त्या दुपारी त्याला घरून फोन आला,
एप्रन खुंटीला अडकवून गेला तो गेलाच.
"कोर्स हलवायचेत," कीथ म्हणाला, "माणसं नाहीत."
बरोबर आहे. बजेटच तेवढं.
तरी ती यादी मी छापून घेतली, सात पानं.
कशाला, विचारू नका.

शेवटी चाचणी.
टेस्ट युजर नावाच्या कुणाच्या तरी अंगात शिरते,
मुद्दाम चुकीची उत्तरं देते,
चौदाव्या स्लाइडच्या उंबऱ्यावर
खिडकी धाडकन बंद करते,
गिऱ्हाईक भांडून निघावं तशी.
दहापर्यंत आकडे मोजते.
उघडते.

जिथे थांबलात तिथून पुढे जायचं?

खाली पाइप बंद झालेत.
कुणीतरी गमबूट आपटून पाणी झटकतंय.
हो.

रॉन खोकतो.
"अंगठा," म्हणतो.