हमीपत्र

कॅनडा कॉर्नर, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
काउंटरवरचा यज्ञेश डिस्क कानाशी धरून हलवतो,
नारळ घेताना हलवतात तशी,
आणि म्हणतो, हेड गेलंय, मॅडम.
मला ते मंगळवारी रात्रीच कळलं होतं.
टक. टक टक. टक.
आत कुणाला कोंडून आपण झोपायला निघालोय, असं.

बिल आहे? आहे. खोका? तोही आहे.
वॉरंटी दोन वर्षांची, सहा महिने शिल्लक.
मग काय, दुसरी मिळेल, तो म्हणतो.
आणि आतलं?
आतलं वॉरंटीत येत नाही.

आतलं म्हणजे आठ महिने.
पंचवटीत गर्गे गुरुजींच्या मधल्या खोलीत
लाल फडक्यातून एकेक लांबट वही सोडायची,
मोडीतलं पान काचेवर, झाकण अलगद.
चार हजार एकशे बारा पानं:
कोण कुठून गोदेवर आलं, कुणाच्या अस्थी घेऊन,
सोबत कोणता भाऊ, कोणती चुलती,
कुणाची वळणदार सही, कुणाचा नुसता अंगठा.
पानाला सहा रुपये.
दुसरी प्रत? ती करायचीच होती,
तिसरा हप्ता मिळाला की दुसरी डिस्क घेऊन.
हसू नका.

मराठीसाठी चार दाबा.
चार दाबलं की हिंदी येतं.
तक्रार क्रमांक मी विजेच्या बिलामागे लिहिला, बारा आकडी.
दुसऱ्या दिवशीची मुलगी म्हणाली, असा क्रमांकच नाही.
तिला मी तो तीनदा वाचून दाखवला, हळूहळू,
जणू माझ्याच वाचण्यात खोट होती.

तेविसाव्या दिवशी कुरियर.
खोक्यावर बारीक अक्षरांत: दुरुस्त केलेली.
जोडली. रिकामी.
फक्त नाव पुसायचं कुणीतरी विसरलं होतं,
स्क्रीनवर आलं: चिऊ बारसं.
कोण चिऊ, कुठली, आता केवढी असेल?
म्हणजे माझीही धुऊनपुसून
बिदरला नाहीतर भिलवाड्याला
कुणाच्या तरी टेबलावर, नव्यासारखी.

गुरुजी सुपारी कातरत होते.
दोन वर्षांची हमी? म्हणाले. आणि मग? विसरायचं?
वह्या कुठे पळून गेल्यात, काढ पुन्हा.
एकदा पुराचं पाणी कपाटात शिरलं होतं म्हणे,
तेव्हा त्यांच्या आजोबांनी पानं दोरीवर वाळत घातली,
आठवडाभर घरातल्यांची लुगडी-धोतरं ओलीच.

मी चहा संपवला. कप विसळला. पालथा घातला.
मग बोलले.
एक पान, गुरुजी, काचेवरच चुरलं.
जूनमध्ये. झाकण उचललं तर तपकिरी भुगा.
स्कॅन स्वच्छ आला होता, म्हणून गप्प राहिले.
भुगा टाकला नाही, हे पाकीट.

अडकित्ता थांबला.
पाकीट त्यांनी उघडलं नाही, नुसतं तळहातावर तोललं.
गाव?
नांदूर. शिंगोटे की मध्यमेश्वर, तेवढा कोपरा आधीच नव्हता.
नाव?
अंगठा होता, शाई जास्त झालेली, कडेला ओघळलेली.
शेजारी भिवराबाई.
कुणाची कोण?
आठवेना.
अंगठ्याच्या रेषा आठवत होत्या, अगदी शेवटची सुद्धा,
पुढची ओळ नाही.

गुरुजींनी कोरा कागद ओढला. साधं बॉलपेन,
उमटेना, कोपऱ्यात दोन गोल गिरवले.
भिवराबाई, का भीमाबाई?
घाईच्या मोडीत फार लांब नसतात एकमेकींपासून.
खात्री आहे तुझी?

पेन कागदाच्या बोटभर वर.
खाली गल्लीत कुणीतरी परगावचं
रामकुंड कुठे म्हणून विचारत होतं.