ठिगळ

दिवाळे गावात पदू नाखव्यानं माझा पतंग उलगडला
तर तो पडवीत मावेना.
पायरी उतरून सुकत्या जाळ्यावर गेला,
तिथून शेजाऱ्यांच्या स्कूटरवर.
‘कं फाटलं गो ह्ये कापर?’

स्पितीत, म्हटलं. गोठलेल्या तळ्यावर.
पायात स्की, सकाळभर वारा शहाण्यासारखा,
मग दरीतून एकदम वळला
आणि मला धुण्यासारखं दगडांवर आपटलं.

‘बरफाव?’
त्यानं फाटकी कड नाकाशी धरली.
‘वास नाय याला.’
खाडीचं कापड चिखलाचं असतं, डिझेलचं, मांदेलीचं.
हे कुठूनच आलं नव्हतं.

इंजिनं आल्यापासून त्यानं शीड शिवलं नव्हतं.
दाभण सापडायला अर्धा तास गेला.
दोरा मेणातून ओढता ओढता विचारलं,
बर्फावर वारा येताना दिसतो का?
दिसतो. जमिनीलगत भुकटी पळते, पीठ सांडल्यासारखी.
‘आमचं पानी कालवंडतं,’ तो म्हणाला,
‘तवा दोरी सोरायची.’

मार्चात खाऱ्या वाऱ्यानं जोर धरला.
एप्रिलभर भरतीच्या तासांत
जेट्टीपासून करावेपर्यंत जायचे नि यायचे;
ओहोटी लागली की सगळा चिखल,
पतंग तिवरांत अडकला की दिवस गेला.
जूनला होड्या वर ओढल्या, मीही गुंडाळला.
ऑक्टोबरात वारा मेला. पदूनं फोन करून कळवलं,
गावातलं कोणी गेल्याचं कळवतात तसं.
डिसेंबरात पहाटे मतलई, जाकीट घालण्याइतकी.

त्याचं ठिगळ जाड. पतंग डावीकडे ओढतो.
दुकानातला म्हणाला, उसवून टेप लावू.
मी उजवीकडे झुकायला शिकले.

या फेब्रुवारीत तळ्यावर,
उणे चौदात, पतंग झटकताना
शिवणीतून एक खवला पडला.
मांदेलीचा असावा.
एवढ्या पांढऱ्यात तो शोधायला गुडघ्यांवर बसले,
सापडल्यावर तिथेच राहू दिला.

पदूसाठी थर्मासात बर्फ भरून आणला.
घरी पोचेतो त्याचं पाणी.
त्यानं एक घोट तोंडात घोळवला, गिळला.
‘गोरं हाय.’

त्यांच्या बोलीत ड चा र होतो.
गोड म्हणाला की गोरं,
विचारलं नाही.
उरलेलं त्यानं वाटीत ओतलं
आणि फ्रीजच्या वरच्या खणात ठेवलं.