साल

इनारी सरोवराच्या वरच्या अंगाला एक पाइन आहे,
अंगावर दार असलेला.
म्हणजे दारासारखी जखम:
छातीच्या उंचीवर, वीतभर रुंद, हातभर लांब,
उत्तरेकडे तोंड करून.
दोन्ही कडांनी लाकूड आत वळलंय
मिटायला निघालेल्या ओठांसारखं,
आणि मिटायचं राहून गेलंय.

सप्टेंबर. डास संपलेले.
सुन्निवा शेवाळात गुडघे रोवून पोकळ गिरमिट फिरवते.
पहिली कांडी मोडली.
दुसरी गाभ्यापाशी भुसभुशीत.
तिसरी निघाली सबंध, पेन्सिलीएवढी,
राळेचा वास घेऊन.
तिने ती कागदी नळीत सरकवली, वर नंबर टाकला.
हेइका ओंडक्यावर बसून कॉफी पीत होता.
त्याचे रेनडिअर आता भाच्याकडे असतात,
त्याच्याकडे वेळ असतो.

या झाडाने पावसाळे पाहिले नाहीत.
इथे उन्हाळेच मोजावे लागतात,
आणि तेही कधी कधी येत नाहीत.

रोव्हानिएमीत, खिडकीबाहेर दुपारी तीनलाच रात्र,
ती कांडी घासत बसते.
ऐंशीचा कागद, दोनशेचा, सहाशेचा,
मग केसाहून पातळ काप, मग रंग.
पेशींच्या भिंती नीट कडक झाल्या असतील तर लाल.
नसतील तर निळ्या.
लाल, लाल, लाल,
आणि मध्येच एक निळी रेघ:
त्या वर्षी थंडी लवकर आली,
लाकडाला लाकूड व्हायला फुरसत मिळाली नाही.
सुन्निवा त्या रेघेशी बराच वेळ थांबते.
हे तिच्या कामाचं नाही,
तिला पुढे जायचंय, जखमेपर्यंत.

जखम सतराशे एकोणसाठची.
त्या कड्यात पेशींच्या चारच रांगा झाल्या होत्या
तेव्हा कुणीतरी सोललं.
चार रांगा म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा.
घराण्याचं नाव मिळत नाही, पंधरवडा मिळतो.

तिने आधीच लिहून ठेवलं होतं: दुष्काळ.
जुन्या पाद्र्याच्या टिपणातही तेच होतं,
*हे लोक भुकेने झाडं खातात.*
पण एकोणसाठचं कडं रुंद होतं.
त्याच्या अलीकडचं रुंद, पलीकडचंही.
चांगले, उबदार, भरल्या पोटाचे उन्हाळे.
तिने पुन्हा मोजलं.
एखादं कडं निसटलं असेल,
काही वर्षी झाड कडं धरतच नाही.
शेजारच्या सात झाडांशी ताडून पाहिलं.
सगळी रुंद.

मार्चमध्ये ती स्कीवरून हेइकाकडे गेली.
तिला हवं होतं ते साल.
त्याला ठाऊक होती ती साल.
दोघं एकाच झाडाशी उभे राहून
दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते.

"एकोणसाठ," ती म्हणाली, "पण भूक दिसत नाही."
तो हसला नाही. हातमोजा काढून
त्याने तळवा जखमेवर ठेवला.
मावेना. बोटं दोन्हीकडे बाहेर राहिली.
"बाईनं सोललंय," तो म्हणाला.
"नाहीतर पोरानं. शिंगाची पट्टी, अशी, खालून वर.
आणि बघ, एकाच बाजूनं.
गोल सोललं की झाड मरतं, हे पोरालाही सांगावं लागत नाही."
"पण का? खायला होतं की."
"खायला होतं म्हणूनच."

मग बराच वेळ तो बोललाच नाही.
बर्फ फांदीवरून घसरून पडलं.
सुन्निवाला वहीत काय लिहावं कळेना:
*चव* असा रकाना तिच्या तक्त्यात नव्हता.

तो पलीकडच्या कोवळ्या पाइनपाशी गेला,
सुरीने नखाएवढा तुकडा काढला,
तपकिरी खरवडून टाकलं, आतलं पांढरं तिला दिलं,
उरलेलं स्वतः चघळलं.
राळ. कडू. दाताला चिकटणारं.
त्याने बर्फात थुंकून टाकलं.

"आत्ता नाही," तो म्हणाला.
"जूनमध्ये ये."