पोच

जूनमध्ये याश शहरात लिंडन फुलतो
आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत
त्याचा वास न विचारता शिरतो.
मी खिडकीकडे पाठ करून बसले आहे.
समोर सातशे बारा हिरव्या ओळी
आणि एक लाल.

"परत चालव," ओव्हिदियू म्हणतो, "होईल हिरवी."
होते. दर वेळी होते.
म्हणून तर अकरा महिने ती आमच्यात नांदली,
गळक्या नळासारखी,
ज्याच्याखाली सगळ्यांनी मिळून बादली ठेवली आहे.

काम काय करतेस, असं मावशी विचारते तेव्हा मी सांगते:
एका यंत्राच्या पोटात दुसरं यंत्र राहतं.
तो पाहुणा.
त्याला वाटतं, घर आपलं आहे,
डिस्क आपली, नेटवर्क कार्ड आपलं, घड्याळसुद्धा आपलं.
भिंतीमागे आम्ही असतो.
तो म्हणतो, हे लिहून ठेव.
आम्ही ते यजमानाच्या एका फाइलीत नेऊन टाकतो
आणि भिंतीवर टकटक करतो: झालं.
मावशी म्हणते, म्हणजे बापासारखंच.

बाबा एकतीस वर्षं नाट्यगृहात, पडद्यामागे.
पत्रा हलवून गडगडाट करायचे,
दोरीने चंद्र वर चढवायचे, कधी कधी वाकडा.
आठ वर्षांची होते, तेव्हा रंगमंचावरचं दार उघडून दाखवलं होतं:
पलीकडे तेलाचा डबा आणि काळोख.
"दार खोटं," ते म्हणाले,
"बिजागरी मात्र खरी लागते.
नटी रडत येईल आणि ढकलेल, तेव्हा
उघडलंच पाहिजे."

लाल ओळीचं प्रकरण असं:
पाहुण्याने विचारलं, सगळं डिस्कवर उतरलं ना?
आम्ही म्हणालो, उतरलं.
शेवटचा तुकडा अजून वाटेतच होता
आणि आमची पोच आधीच पोचली होती.
एरवी तो तुकडा धापा टाकत मागून यायचा,
कुणाला काही कळायच्या आत
खोटं खरं होऊन जायचं.
सातशेत एकदा यायचा नाही.

कुणी लिहिलं हे, म्हणून जुन्या नोंदी उपसल्या.
चौदा मार्च. वेग तेरा टक्क्यांनी वाढला.
त्या दिवशी केक आणला होता, मला आठवतं,
सुरी सापडेना म्हणून पट्टीने कापला.
नोंदीखाली नाव माझंच.

बराच वेळ मी काही टंकलं नाही.
ट्राम वळणावर किंचाळली, गेली.

मग एक चाचणी लिहिली, जी वीज तोडते:
लिहिता लिहिता मध्येच यंत्राचा गळा धरायचा,
मारायचं, परत उठवायचं,
आणि विचारायचं, काय आठवतंय?
ज्याची पोच दिली ते सगळं आठवलं पाहिजे.
चार हजार वेळा.
शेजारी अँका, येऊन तीनच आठवडे झालेली,
वेडेवाकडे पाहुणे घडवत होती:
स्मृतीच्या पलीकडचा पत्ता देणारे,
रांगेचं शेपूट रांगेच्याच तोंडात घालणारे.
एकाने आमचं मागचं दारच मोडलं
तेव्हा ती इतकी हसली
की पहारेकरी वर बघायला आला.

दुरुस्ती चार ओळींची:
थांब. मोज. सगळे आले का बघ. मग बोल.
वेग नऊ टक्क्यांनी उतरला.
ओव्हिदियूने आकडा पाहिला,
चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.
"केक नाही यावेळी," म्हणाला,
आणि मंजुरी दिली.

रात्री साडेदहा. दोन हजार तीनशे अकरावा मृत्यू,
दोन हजार तीनशे अकरावा जन्म.
बाबांचा फोन.
पत्र्याने एक कान गेलाय, त्यामुळे ओरडून बोलतात:
"जेवलीस का?"
"हो," मी म्हणाले.
फोन ठेवला.
मग डबा उघडला. कोबीच्या पानातला भात,
दुपारचा, गार.