वहीत नसलेला गुरुवार

मलावी सरोवराकाठी, मासळीच्या मांडवाखाली
आम्ही चौघे बसायचो; पाचवे पाळक झगाम्बो.
दर गुरुवारी पहिला प्रश्न ठरलेला:
"या आठवड्यात कुणाच्या घरी गेलात?"
प्रवचनाचं टिपण मागाहून.
यान्खो कायम टिपणच पुढे करायचा.

एकदा तेमवानानीनं विचारलं,
"तुमचा विश्वास कधी डगमगला?"

ते वाळल्या उसिपातले खडे वेचत राहिले.
मग म्हणाले, "मुलीला पुरलं त्या दिवशी.
शास्त्रपाठ मीच वाचला.
ओठ वाचत होते, मी नव्हतो.
शेवटचं आमेन कोण म्हणालं,
अजून ठाऊक नाही."

माशा घोंगावत होत्या. कुणी हाकलल्या नाहीत.
यान्खोनं पेनाला टोपण लावलं.

आता माझ्याकडे तिघं येतात,
बुधवारी, शाळेच्या पडवीत.
एकाला काल मंडळीच्या वडिलांनी
सगळ्यांदेखत झापलंय.
तो अंगठ्यानं माती उकरतोय.
माझ्या जिभेवर तीन वचनं तयार.
मी ती गिळतो,
सूप त्याच्याकडे सरकवतो:
"खडे वेच.
सांगायचं असेल तर सांग,
नाहीतर नुसते वेच."